पडद्याखालची मांडी

१

थर्झा रेन्शॉचं काम खुर्ची होण्याचं होतं. नॉटिंगहॅममध्ये कुणी विचारलं, "काय करतेस गं पोरी?" तर "ओकडेनसाहेबांच्या फोटोच्या दुकानात असते," एवढं सांगून ती मोकळी व्हायची. चौदा वर्षांच्या मुलीला खुर्ची होण्याचा पगार मिळतो हे ऐकून लोक हसले असते, आणि लोकांचं हसणं थर्झाला सोसायचं नाही.

दुकानाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर काचेच्या छपराची खोली होती. तिथे एक बिनपाठीचं लाकडी स्टूल. थर्झा त्यावर बसली की साहेब तिच्या डोक्यावरून जाड तपकिरी पडदा सोडायचे, तो थेट बुटांपर्यंत. मग तिच्या मांडीवर गिऱ्हाइकाचं मूल बसवायचं, आणि थर्झाने पडद्याच्या आतून त्याची कंबर धरून ठेवायची. मूल हललं की संपलं. फोटो काचेवर निघायचा, आणि काचेवर प्रकाश सावकाश उतरतो. तेवढ्यात पोराने मान वळवली तर तोंडाच्या जागी नुसतं सांडलेलं दूध. पुढे फोटोवर लंबगोल भोकाचा पुठ्ठा बसवला की पडदा दिसेनासा व्हायचा. पोर कसं एकटंच राजासारखं बसलंय म्हणून आजी-आजोबांनी कौतुक करायचं.

पूर्वी पडद्याखाली पोराच्या आईलाच बसवायचे. पण आईला हसू फुटतं, नाहीतर ती काहीबाही कुजबुजते, की पोर वळलंच मागे. थर्झाला ना हसू फुटायचं ना शब्द. "ही पोरगी म्हणजे दगड आहे, दगड!" असं साहेब गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. घरी कुणी दगड म्हटलं असतं तर थर्झाने त्याला बोचकारलं असतं, पण साहेबांच्या तोंडून ते बक्षिसासारखं वाटायचं.

साहेब वेळ मोजायला घड्याळ वापरत नसत. कॅमेऱ्याचं झाकण काढलं की ते ओठातल्या ओठात स्वर्गातल्या बापाची प्रार्थना म्हणायचे. लख्ख ऊन असेल तर मधल्या 'रोजची भाकरी आम्हाला दे' या ओळीपर्यंत. धुरकट दिवस असेल, आणि त्या गावात तो असायचाच, तर सरळ आमेनपर्यंत. तेवढा वेळ खोलीत त्यांचं पुटपुटणं आणि थर्झाचा श्वास, दुसरं काही ऐकू यायचं नाही.

पडद्याखालून दिसत नसलं तरी मांडीला सगळं कळायचं. मखमली फ्रॉक आणि लॅव्हेंडरचा साबण म्हणजे टेकडीवरच्या बंगल्यातलं मूल, मग तो मुलगा का असेना. मोठ्यांच्या घरी मुलगाही पाच-सहा वर्षांचा होईतो फ्रॉकच घालतो. कडक खळीची कॉलर म्हणजे दुकानदाराचं. शनिवारी दुपारी कारखाने सुटले की कामगारांची मुलं यायची, शेजाऱ्याचे बूट मागून आणलेली, आणि ते ढगळ बूट थर्झाच्या नडगीवर थडाथड आपटायचे. बंगल्यातलं दोन वर्षांचं पोर कामगाराच्या चार वर्षांच्या पोरापेक्षा वजनाला भारी भरायचं. थर्झाला यात नवल वाटत नसे. तिच्याच घरात एक तसं हलकं पोर होतं.

२

लेसच्या कारखान्याचे मालक विंगफील्ड यांची ॲडेला तीन वर्षांची होती. तिला घेऊन आल्या प्रॉक्टरबाई, बंगल्यातली मुलं सांभाळणाऱ्या. बाईंच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"निघताना सिरपचे थेंब दिलेत तिला," त्या म्हणाल्या. "पण ही कसली गप्प बसते! पाठीला फळी बांधून सरळ उभी केली तरी हिचे पाय नाचतातच. थोरले दोघे बोर्डिंगच्या शाळेत गेले, सुटले. म्हणजे मीच सुटले म्हणा."

सिरप म्हणजे अफूचं, साखरेच्या पाकातलं. टेकडीवर ते चांदीच्या चमच्यातून द्यायचे, खाली गल्लीत बोटाला लावून चाटवायचे, एवढाच फरक.

ॲडेला खरंच कुणाला आवरत नव्हती. मांडीवर ठेवल्या ठेवल्या तिने मागे डोकं आपटून थर्झाच्या नाकातून पाणी काढलं. साहेबांनी झाकण काढलं, पुटपुटायला लागले, आणि पोर एकदम थांबली. दमली की मुलं ढिली पडतात. ही ढिली नव्हती. ताठ बसली होती. थर्झाला हायसं वाटलं. नाक हुळहुळत होतं, त्यामुळे तिने जास्त विचार केला नाही.

थोड्या वेळाने, काचा धुवायच्या अंधाऱ्या खोलीतून साहेबांची हाक आली.

"थर्झा! हात कुठे ठेवायचे असतात?"

"कमरेला."

"मग हा खांद्यावर कुणाचा, माझ्या सासूचा?"

त्यांनी काच काळ्या कापडावर धरली. ॲडेलाच्या डाव्या खांद्यामागे पडदा फुगला होता, आणि त्या फुगवट्यातून चार बोटं खांद्यावर आली होती, कापडासकट.

"घडी पडली असेल साहेब."

"घडीला बोटं असतात होय? बरं, पुठ्ठ्याखाली जाईल ते. पण चेहरा बघ चेहरा! पापणीसुद्धा हललेली नाही. अशी काच मी जन्मात काढली नाही."

थर्झाने चेहरा बघितला. तो होता मात्र अगदी स्पष्ट. ॲडेलाचे हात मांडीवर नीट जुळवलेले होते आणि डोळे उघडे होते. थर्झाने स्वतःशी हिशेब जुळवून पाहिला: दोन्ही हात कमरेला होते, नाक चोळावंसं वाटत असूनही तिने ते सोडले नव्हते. मग तिने ठरवलं की सोडले असणार. आपल्याला आठवत नसेल.

३

त्यानंतर एकही काच वाया गेली नाही. बंगल्यातली, दुकानदारांची, शनिवारची, सगळी मुलं मांडीवर येईपर्यंत आकांत करायची आणि झाकण निघालं की ताठ व्हायची. साहेब शीळ घालत जिना उतरायला लागले.

थर्झाला मात्र पडद्याखाली पाठीला गार लागायला लागलं होतं. मानेच्या जरा खाली, दोन खांद्यांच्या मधोमध. तिने कारण लगेच शोधलं. मोठ्या माणसांची मान स्थिर राहावी म्हणून एक लोखंडी तिवई असायची, वर चिमटा असलेली. ती स्टुलाच्या मागेच उभी असते. लोखंड गारच लागणार. यात घाबरण्यासारखं काय आहे?

एका सकाळी मालकीणबाई, म्हणजे साहेबांची बायको, गालांना गुलाबी रंग भरत बसल्या होत्या. फोटोतल्या, स्वतःच्या नव्हे. त्या कुरकुरल्या, "तो लोहार मेला अजून तिवई देईना. पंधरवडा झाला. उद्या महापौर आले तर त्यांची मान काय मी धरू?"

थर्झा वर गेली. स्टुलाच्या मागे भिंतीपर्यंत नुसती मोकळी फरशी होती.

त्याच दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. ते खुशीत होते. "तुला धाकटा भाऊ आहे ना गं? या शनिवारी आण त्याला. एक काच माझ्याकडून."

थर्झाच्या डोक्यातली तिवई क्षणात पुसली गेली. ती धावत घरी गेली आणि जिन्यावरूनच ओरडली.

तिची आई सेलिना खिडकीपाशी बसून लेसचे धागे उपसत होती. कारखान्यातून लेसचे पट्टे धाग्यांनी जोडून येतात, ते धागे उपसून पट्टे सुटे करायचे; थर्झाने हे काम चार वर्षांची असल्यापासून केलं होतं. जेबेझ, दीड वर्षांचा, टेबलाच्या पायाला कापडी पट्टीने बांधलेला होता. मालकाच्या लेसला हात लागू नये म्हणून.

आईने काम खाली ठेवलं. दिवसाउजेडी ती कधी काम खाली ठेवायची नाही.

"आपल्या जेबेझचा? खरा फोटो?" ती म्हणाली, आणि मग आवाज उतरवून, "थर्झा, मर्सीचं नाक कसं होतं गं? दोन हिवाळे झाले तिला जाऊन. परवापासून आठवतेय, माझ्या डोळ्यांपुढे येतच नाही. स्वतःच्या लेकीचं नाक!"

"तुझ्यासारखंच होतं," थर्झा म्हणाली. तिलाही आठवत नव्हतं.

४

गुरुवारी अनाथ मुलांच्या एका आश्रमाच्या बाई फीबी नावाच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. देणगीदारांना दाखवायला दोन फोटो हवे होते: आश्रमात येण्याआधीची फीबी आणि नंतरची. पण फीबीला आधीच न्हाऊमाखू घातलेलं. म्हणून मालकीणबाईंनी पेटीतून ठेवणीतल्या चिंध्या काढल्या, तिचे केस विस्कटले आणि गालांना काजळी फासली. "घ्या, झाली गरीब!" त्या म्हणाल्या.

थर्झा स्टुलावर बसली. साहेब पडदा उचलत होते. फीबी तिच्याकडे टक लावून बघत होती.

"तू इथं बसलीस," ती म्हणाली, "मग ती कुठं बसणार?"

"कोण ती?"

फीबीने बोट दाखवलं. थर्झाकडे नव्हे, तिच्या कमरेच्या खाली. "तुझ्याखालची."

"फीबी!" आश्रमाच्या बाई कडाडल्या. "खोटं बोलणाऱ्या मुलींना आपण काय देतो?"

"काही नाही देत," फीबी म्हणाली आणि तिने तोंड मिटलं. पुन्हा उघडलंच नाही, चिंध्या उतरवून स्वच्छ एप्रन घातला तरी. दोन्ही काचा उत्तम आल्या. दुसरीत ती खाली बघत होती, स्वतःच्या कमरेकडे, जिथे थर्झाचे हात होते. थर्झाचे हात पुठ्ठ्याआड जाणार असल्याने साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. थर्झाने दिलं. तिने पडद्यातून उमटलेली बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच काच पालथी ठेवली.

खाली दुकानात प्रॉक्टरबाई उभ्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत सुतकाच्या काळ्या कपड्यात.

"तीच काच मोठी करून हवीय," त्या मालकीणबाईंना सांगत होत्या. "बाईसाहेबांना बेडरूममध्ये लावायचीय." मग थर्झा दिसली तशा तिच्याकडे वळल्या. "तूच धरली होतीस ना गं तिला? त्या दिवसापासून पोर इतकी शहाणी झाली म्हणून सांगू! खिडकीत बसवली की तिथेच. फळी नको, काही नको. बाईसाहेब म्हणाल्या, प्रॉक्टर, अखेर वळण लावलंत हो तिला. मी म्हटलं, आभारी आहे बाईसाहेब. गेल्या बुधवारी चहाला बोलवायला गेले. तशीच बसलेली. किती वेळ तशी होती, देव जाणे. सकाळभर मी तीनदा त्या खोलीत जाऊन आले, आणि तिन्ही वेळा म्हटलं, किती गुणाची आहे."

"सिरप जास्त झालं का?" थर्झाने विचारलं. ते सिरप असावं असं तिला मनापासून वाटत होतं.

प्रॉक्टरबाईंचा चेहरा लाल झाला. "रोजचेच थेंब होते. डॉक्टर म्हणाले मेंदूचा ताप. आणि तू कोण गं मला विचारणारी?"

५

"आपण शनिवारी नको जाऊ या," थर्झा आईला म्हणाली.

"का?"

काय सांगणार? की पडद्याखाली मी एकटी नसते? थर्झाला ते स्वतःलाच हास्यास्पद वाटत होतं. ॲडेला तापाने गेली. पोरं जातातच, याच गल्लीत गेल्या वर्षभरात किती गेली. तिवई लोहाराकडे होती तर खिडकीच्या फटीतून वारा येत असेल.

"त्याला सर्दी आहे," ती म्हणाली.

"सर्दी जन्मजात आहे त्याला." आईने धागा दाताने तोडला. "तुला माझी लाज वाटते का? साहेबांच्या दुकानात मी या शालीत येणार म्हणून? खरं सांग."

"नाही गं आई."

"मग झालं तर. मी दाराशी उभी राहीन, कुणाशी बोलणार नाही. पण मला माझ्या लेकराचा चेहरा पाहिजे. एक तरी पाहिजे."

 थर्झाला रात्रीच्या जेवणाआधी एक युक्ती सुचली. तिने जेबेझला टेबलाच्या पायापासून सोडवलं आणि मांडीवर घेतलं. त्याच्या तळव्याला हळूच चिमटा काढला की तो दोन्ही पाय झाडायचा आणि किंचाळून हसायचा. पुन्हा चिमटा, पुन्हा लाथा. "आता शनिवारी असंच करायचं हं, गुलामा," ती त्याच्या कानात म्हणाली. हलू दे. चेहऱ्याच्या जागी दूध सांडलेलं येऊ दे. आई रडेल, साहेब कामावरून काढतील, काढू देत. हललेलं पोर घरी परत येईल, एवढंच तिला पाहिजे होतं.

"पु-ना," जेबेझ म्हणाला. म्हणजे पुन्हा; त्याला तेवढा एकच शब्द यायचा. खेळ थांबला की तो थर्झाची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचा.

६

शनिवारी धूर खाली उतरला होता. आई आणि जेबेझ कारखाने सुटायच्या सुमारास आले. आईने शालीला इस्त्री केली होती. जेबेझने कुणाचा तरी फ्रॉक घातला होता आणि तो आईच्या खांद्यावर मान टाकून होता.

"झोपलाय का?" थर्झाने विचारलं.

"छे, जागा आहे. जरा सिरप दिलंय." आईने खुशीत आवाज खाली आणला. "दोन थेंब जास्तच दिलेत. म्हटलं, एकच तर काच आहे, उगाच हलायचा मेला."

थर्झाने आईचा दंड धरला. "आई, परत जाऊ या. पुढच्या शनिवारी येऊ."

"थर्झा, बस," साहेब आतून ओरडले. "उजेड चाललाय!"

ती बसली. पडदा डोक्यावरून आला. आईने जेबेझला तिच्या मांडीवर ठेवलं, फ्रॉक सारखा केला, आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तिच्या बुटांच्या आवाजावरून कळलं. जेबेझ पुढे कलला. थर्झाने सवयीने त्याची कंबर धरली, आणि लगेच हात काढून घेतले. धरायचं नाही. कलू दे, पडू दे, मांडीवरून गडगडू दे. फरशीवर आपटून रडला तर आणखी चांगलं. एका हाताने तिने पडद्यातून त्याचा तळवा शोधला आणि चिमटा काढला. जोरात.

जेबेझने पाय झाडले नाहीत.

साहेबांनी झाकण काढलं. प्रार्थना सुरू झाली.

थर्झाने गुडघे हलवले. निदान हलवायचा प्रयत्न केला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्या खाली स्टूल लागत नाहीये. ते लाकूड तिला पाठ होतं, डावीकडची खाच, मधली गाठ. आत्ता खाली मऊ होतं आणि गार होतं. तिचे गुडघे कुणाच्या तरी गुडघ्यांवर टेकले होते, आणि खालचे गुडघे जागचे हलत नव्हते. पाठीला मधोमध तो गारवा. मानेवर श्वास लागत नव्हता. तिने वाट बघितली, श्वास लागेल म्हणून. लागला असता तर बरं वाटलं असतं.

रोजची भाकरी मागे पडली. उजेड कमी होता, साहेब पुढे चालले होते.

ओरड, थर्झाने स्वतःला बजावलं. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि ते तिथेच राहिले, बोटं दातांत. पडदा जाड असला तरी छपराचा उजेड त्यातून थोडा यायचा. त्या तपकिरी उजेडात तिने खाली बघितलं. तिच्या काखेखालून, दोन्ही बाजूंनी, काहीतरी पुढे गेलं होतं. आईने बाळाला धरावं तशा मायेने ते जेबेझच्या कमरेपर्यंत पोचलं होतं. जेबेझ सावकाश सरळ झाला. कललेला होता, तो ताठ बसला.

"आमेन," साहेब म्हणाले आणि झाकण लावलं.

दाराकडून आईचं हसणं आलं, रडू मिसळलेलं. "बघा तरी! कसा बसलाय शहाण्यासारखा! साहेब, एवढा शहाणा कधीच बसला नव्हता हो तो!"

"सुरेख," साहेब म्हणाले. "थर्झा, झालं. सोड आता त्याला."

पडदा हलला नाही.

"थर्झा? सोड म्हटलं ना. किती घट्ट धरलंयस पोराला!"

तेव्हा थर्झाने पडद्याच्या कडेतून आपला एक हात बाहेर काढला, मग दुसरा, आणि दोन्ही हात खोलीतल्या सगळ्यांना दिसतील असे वर धरले. बोटांवर दातांचे वळ होते. आईचं हसणं थांबलं.

जेबेझ मांडीवर ताठ बसला होता. त्याच्या कमरेभोवती पडदा अजून घट्ट आवळलेला होता.